अर्ध्या सेकंदाची उचकी

तर झालं असं की आमच्या एका सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लॉगमधे मधूनच एखादा कमिट, म्हणजे बदल डिस्कवर पक्का करायचं काम, सहाशे-सातशे मिलिसेकंदांचा दिसायला लागला. एरवी तोच कमिट दहा-पंधरा मिलिसेकंदात उरकतो. रोज होतं असं नाही, दिवसातून कधी चार वेळा, कधी वीस वेळा, आणि आपण बघायला बसलो की काही नाही, सगळं गुळगुळीत. चार सॅटा जोडणीच्या हार्ड डिस्क, लिनक्सच्या एमडी या सोयीने केलेलं रेड १० (प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते), वर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. जुनं हार्डवेअर आहे पण मरायला टेकलेलं नाही.

मी आधी ग्राफ बघितले, सगळेच आधी ग्राफ बघतात. दर मिनिटाचा रेकॉर्ड होता, राइटचा, म्हणजे डिस्कवर लिहिण्याचा, सरासरी वेळ नऊ मिलिसेकंद, कधी दहा, कधी साडेदहा. मी तिथेच सांगून टाकलं की डिस्कचा काही संबंध नाही, डेटाबेसमधे लॉक बघा. हे मी आत्मविश्वासाने सांगितलं आणि त्यात दोन दिवस गेले, ते दोन दिवस माझ्या नावावर. नंतर कागदावर गणित मांडलं तेव्हा कळलं. सेकंदाला साधारण दोनशे आयओ (डिस्कवर लिहिण्या-वाचण्याची कामं) धरले तर मिनिटाला बारा हजार, त्यातले समजा तीसच प्रत्येकी सहाशे मिलिसेकंद अडकले तर एकूण अठरा हजार मिलिसेकंद, ते बारा हजारात वाटले की सरासरी फक्त दीड मिलिसेकंदाने वाढते. म्हणजे तीस कमिट बोंबलतायत आणि ग्राफवरची रेघ केसभर वर सरकते. ती रेघ बघून कोणाला काय कळणार.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमधे पण काही नव्हतं, आणि नसणारच होतं हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. डिस्कशी बोलणाऱ्या स्कझी लेयरचा कमांड टाइमआउट डीफॉल्ट ३० सेकंद असतो, अडकलेल्या टास्कबद्दल हंग टास्कवाला संदेश १२० सेकंदांनी येतो. अर्धा सेकंद म्हणजे कर्नलच्या हिशोबात काहीच झालं नाही. डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) स्वच्छ आहे म्हणजे डिस्क ठीक आहे असं म्हणणारे बरेच भेटतात, मीही त्यातलाच होतो.

मग डिस्कचे आकडे छापणारा आयोस्टॅट एका सेकंदाच्या अंतराने लावून फाइलीत सोडून दिला आणि घरी गेलो. सकाळी बघितलं तर सापडलं. हजारो ओळी नेहमीच्या आणि मधेच एक ओळ अशी की त्या सेकंदात एका डिस्कवर राइट झालेत फक्त अकरा, प्रत्येकाचा वेळ साडेतीनशेच्या वर, आणि युटिल शंभर टक्के. पुढच्या सेकंदाला परत सगळं नॉर्मल. युटिल शंभर बघून लोक म्हणतात डिस्क पूर्ण भरून वाहतेय, पण त्या आकड्याचा अर्थ एवढाच की त्या वेळेत किमान एक रिक्वेस्ट पूर्ण व्हायची बाकी होती. ती रिक्वेस्ट डिस्कमधे आहे की कर्नलच्या रांगेत नुसती उभी आहे हे तो आकडा सांगत नाही.

इथे मी पहिली मोठी चूक केली. मला वाटलं एक डिस्क जायला आलीये. डिस्कच्या तब्येतीची स्मार्ट माहिती काढणारं स्मार्टसीटीएल चालवून बघितलं, खराब म्हणून बदललेले (रिअलोकेटेड) सेक्टर शून्य, संशयित (पेंडिंग) शून्य, केबलचे सीआरसी एरर शून्य. तरी मनात किडा राहिलाच. आमची एक छोटी स्क्रिप्ट होती, मीच कधीतरी लिहिलेली, ती दर पाच मिनिटांनी चारही डिस्कची स्मार्ट माहिती काढून साठवायची. म्हटलं डिस्क मरतेय तर जवळून लक्ष ठेवू, आणि पाच मिनिटांचं एक मिनिट केलं. त्या दिवशी दुपारपासून तक्रारी वाढल्या. मी टीमला सांगितलं, बघा, डिस्क वेगाने खराब होतेय, मी म्हटलं नव्हतं का. नवीन डिस्क मागवली, बदलली, रीसिंक, म्हणजे नव्या डिस्कवर सगळी नक्कल उतरवणं, रात्रभर चालला, रीसिंकमुळे जे काही मंद व्हायचं ते झालंच, आणि सकाळी सगळं शांत झाल्यावर उचकी जिथल्या तिथे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेड्युलरशी, म्हणजे रिक्वेस्टचा क्रम ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाशी, पण खेळून झालं. एमक्यू-डेडलाइन या शेड्युलरमधे रीडची मुदत ५०० मिलिसेकंद असते आणि राइटची ५००० मिलिसेकंद, आणि माझी उचकी अर्ध्या सेकंदाच्या आसपास, त्यामुळे मला वाटलं मिळालंच. नाही मिळालं. बीएफक्यू लावलं, नन लावलं, फरक पडला नाही, परत डेडलाइनवर आलो. आकडा जुळतो म्हणून कारण जुळतं असं नसतं, पण त्या भरात संध्याकाळ गेली ती गेलीच.

मग शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे वेळ नेमका कुठे जातो ते लेयरनुसार मोजायचं. रिक्वेस्टचा प्रवास ढोबळमानाने दोन तुकड्यांत बघता येतो. एक तुकडा म्हणजे ब्लॉक लेयरच्या (डिस्ककडे जाणाऱ्या रिक्वेस्ट सांभाळणारा कर्नलमधला थर) रांगेत शिरल्यापासून ड्रायव्हरकडे जाईपर्यंत, दुसरा म्हणजे ड्रायव्हरकडे गेल्यापासून पूर्ण होईपर्यंत. पहिला मोठा असेल तर कर्नलमधे काहीतरी थांबवतंय, दुसरा मोठा असेल तर डिस्क, केबल किंवा कंट्रोलर. बीसीसी या कर्नल तपासायच्या टूलसंचातलं बायोलेटन्सी नुसतं चालवलं तर दुसरा तुकडा मोजतं, क्यू पर्याय दिला की रांगेतला वेळ पण धरतं. मी दोन विंडोत दोन्ही लावले आणि हिस्टोग्राम (किती रिक्वेस्टना किती वेळ लागला त्याचे पट्टे) शेजारी शेजारी ठेवले. पर्याय नसलेल्यात एकच उंचवटा, चार ते सोळा मिलिसेकंदाच्या पट्ट्यात, आणि मग हळूहळू संपणारी शेपटी. क्यूवाल्यात तोच उंचवटा, मग बराच वेळ रिकामं, आणि मग २५६ ते ५११ आणि ५१२ ते १०२३ च्या पट्ट्यांत एक छोटा वेगळाच ढीग. डोंगर आणि दूर एक टेकाड, मधे काही नाही. सरासरीत हे टेकाडच गायब झालं होतं.

म्हणजे डिस्कने प्रत्येक रिक्वेस्ट हातात आल्यावर वेळेतच केली होती. रिक्वेस्ट अडकल्या होत्या डिस्कच्या दारात. खरं तर इथे मी बदललेल्या डिस्कची मनातल्या मनात माफी मागायला हवी होती, पण तेव्हा मी वैतागलेलो होतो.

आता बीपीएफट्रेसची, म्हणजे चालू कर्नलमधल्या घटना टिपणाऱ्या टूलची, एक स्क्रिप्ट लिहिली. ब्लॉक लेयरचे इन्सर्ट, इश्यू आणि कम्प्लीट (रांगेत आली, ड्रायव्हरकडे गेली, पूर्ण झाली) हे तीन ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलमधल्या नोंदीच्या जागा, धरायचे, रांगेत ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबलेली प्रत्येक रिक्वेस्ट छापायची, आणि त्या क्षणी डिस्ककडे किती रिक्वेस्ट आहेत ते पण मोजायचं. पहिल्याच तासात जे दिसलं त्याने डोकंच फिरलं. रांगेत वीस-पंचवीस रिक्वेस्ट उभ्या आणि डिस्ककडे शून्य. शून्य! डिस्क रिकामी बसलीये, रांग लागलीये, आणि कर्नल एकही पुढे पाठवत नाहीये. मला वाटलं कर्नलमधे बग सापडला. खरं सांगतो, थोडा आनंद पण झाला. ब्लॉक लेयरचं बहुरांगी रूप ३.१३ मधे आलं आणि ५.० मधे जुनं एकरांगी रूप काढूनच टाकलं, त्या सगळ्या बदलांच्या चर्चा मी वाचत बसलो, कुठे वेक-अप, म्हणजे रांग पुढे सरकवायचा इशारा, हुकतोय का ते शोधत. एक पूर्ण दिवस. वाचन चांगलं झालं, उपयोग शून्य.

यातून सुटका केली ती शेजारी बसणाऱ्या एकीने, आणि ती डेटाबेसवाली आहे, कर्नलशी तिचं काही देणंघेणं नाही. ती माझ्या स्क्रीनकडे बघत होती, आउटपुटमधे वेळ आणि डिस्कचं नाव असे रकाने होते. ती म्हणाली, "अरे, हे नेहमी ए, मग बी, मग सी, मग डी असंच का येतंय?"

मी म्हटलं असेल योगायोग.

"सगळीकडे आहे रे, वर सरकव की. डिस्कला कुठे माहितीये तिचं नाव काय आहे ते?"

वर सरकवलं. खरंच. एसडीए अडकली, एक-सव्वा सेकंदाने एसडीबी, मग सी, मग डी, की मग शांतता. मधेच एखादं अक्षर गाळलेलं, कारण त्या क्षणी त्या डिस्कवर लोड नव्हता, पण क्रम कधीच उलटा नाही. बिघाडाला अक्षरओळख नसते. ए बी सी डी या क्रमाने काही होत असेल तर ते कोणाच्या तरी स्क्रिप्टमधलं फॉर लूप आहे, एकेक डिस्क ओळीने घेणारं. आणि चारही डिस्कवर फॉर लूप फिरवणारी या मशीनवर एकच स्क्रिप्ट होती, ती कोणाची ते वर सांगून झालंय.

तरी पुरावा हवा होता, कारण याआधी दोनदा मला खात्री वाटून झालेली. स्कझी लेयरचे ट्रेसपॉइंट आहेत, कमांड पाठवताना आणि परत येताना, त्यात कमांडचे कच्चे बाइट छापले जातात. ते एफट्रेसमधे, कर्नलच्याच नोंदी घ्यायच्या सोयीत, चालू केले. २ए म्हणजे राइट, २८ म्हणजे रीड, ३५ म्हणजे कॅश फ्लश (डिस्कच्या तात्पुरत्या मेमरीतलं पक्कं लिहिणं), सगळी ओळखीची गर्दी. आणि बरोबर उचकीच्या जागी एक ओळ, बाइट ८५ ने सुरू होणारे. ८५ म्हणजे एटीए पासथ्रू, म्हणजे स्कझीच्या पाकिटात घालून सॅटा डिस्कला तिच्या मूळ एटीए भाषेतली कमांड थेट पाठवणं. पाकीट उघडलं तर आत शेवटाकडे बी०, ती स्मार्टची कमांड. प्रोसेसच्या रकान्यात स्मार्टसीटीएल. त्या ओळीच्या लगेच खाली एररची ओळ, डिव्हाइस बिझी, मग परत तीच ८५, परत बिझी, असं दोन-तीनदा, मग एकदाची गेली, परत आली, आणि तिच्यामागे दुसरी ८५.

होतं काय ते आता सांगतो, कारण हे सॅटावाल्या कोणाच्याही मशीनवर होऊ शकतं. सॅटात एनसीक्यू असतं, डिस्कला एकाच वेळी ३२ पर्यंत कमांड देऊन ठेवता येतात आणि डिस्क आपल्या सोयीने त्या उरकते. पण ज्या कमांड एनसीक्यूमधल्या नाहीत त्यांना या गर्दीत शिरता येत नाही. स्मार्ट वाचणं, डिस्कची ओळख विचारणं, कॅश फ्लश, या सगळ्या त्यातल्या. अशी कमांड आली की कर्नलमधली लिबएटीए आधी हातात असलेल्या सगळ्या कमांड पूर्ण होऊ देते, डिस्क रिकामी करते, मग ती एकटी कमांड पाठवते, आणि ती परत येईपर्यंत दुसरं काही पुढे जात नाही. फ्लश तर प्रत्येक कमिटला होतोच, पण ते काम आपणच मागितलेलं असतं, त्याचा वेळ त्या दहा-पंधरा मिलिसेकंदात धरलेला आहे. माझी स्क्रिप्ट मात्र एक्स पर्याय लावून चालत होती, म्हणजे डिस्ककडे असेल नसेल ते सगळं काढून दे: ओळख, गुणधर्म, मर्यादा, एरर लॉग, सेल्फ टेस्टचा लॉग, तापमानाचा इतिहास. एकामागून एक कमांड, प्रत्येकीला डिस्क रिकामी करून हवी. हार्ड डिस्कवर लोड असताना याची बेरीज अर्ध्या सेकंदाच्या पुढे सहज जाते. रेड १० मधे राइट आरशाच्या दोन्ही डिस्कवर पूर्ण व्हावा लागतो, त्यामुळे जोडीतली एक थांबली की कमिट थांबला.

मग माझ्या बीपीएफट्रेसला ती कमांड दिसली का नाही? आयोस्टॅटचं समजू शकतो, अशा सॅटा डिस्कवरच्या पासथ्रू कमांड तो हिशोबात धरतच नाही. पण इश्यूच्या ट्रेसपॉइंटमधे त्या येतात. फक्त त्यांचा सेक्टर नंबर शून्य छापला जातो. आणि मी रिक्वेस्टची जोडी लावायला डिव्हाइस आणि सेक्टर हीच किल्ली वापरली होती, फ्लशचा सेक्टर पण शून्य येतो, त्यांची आपसात टक्कर होऊन भलतेच आकडे यायचे, म्हणून मी पहिल्याच दिवशी एक ओळ टाकली होती की सेक्टर शून्य असेल तर सोडून दे. कचरा म्हणून. डिस्ककडे शून्य रिक्वेस्ट आहेत असं जे दिसत होतं ते त्या ओळीमुळे. डिस्क रिकामी नव्हती, तिच्याकडे माझीच कमांड होती आणि मीच ती बघायची नाही असं ठरवलं होतं. कुंपण शेत खात होतं आणि राखणदाराने डोळ्यावर पट्टी बांधलेली.

पडताळणी सोपी होती. स्क्रिप्ट बंद केली, दोन तास हिस्टोग्राम बघितला, टेकाड नाही. मग एका विंडोत बीपीएफट्रेस, दुसऱ्या विंडोत हाताने स्मार्टसीटीएल, एसडीसीवर. एंटर दाबलं आणि पलीकडे धडाधड ओळी उमटल्या, एसडीसी, एसडीसी, एसडीसी. शेजारच्या डेटाबेसवालीला बोलावून दाखवलं. परत दाबलं. परत. पोरं नवीन बेलचं बटण दाबतात तसं मी पाच-सहा वेळा दाबलं, आणि डेटाबेसच्या लॉगमधे तेवढे कमिट रखडलेले दिसले म्हणून मग थांबलो, प्रॉडक्शन होतं ते.

आधी ठराविक अंतराने का दिसलं नाही, हा प्रश्न टीममधे लगेच आला. कारण स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे घड्याळाच्या ठरलेल्या वेळी, चालत नव्हती, तिच्यात शेवटी स्लीप ३०० (तीनशे सेकंद थांब) होतं. फेरी पूर्ण व्हायला पाच-सहा सेकंद, वर तीनशे, त्यामुळे वेळ दर फेरीला सरकत जायची, घड्याळाच्या काट्याशी कधीच जुळायची नाही. शिवाय पोस्टग्रेसच्या लॉगची मर्यादा ५०० मिलिसेकंद ठेवलेली, त्याखालची उचकी नोंदलीच जायची नाही. रात्री लोड कमी म्हणून दिसायचं नाही. अशा तीन चाळण्यांतून जे गळून येईल ते बघून आम्ही म्हणत होतो की काही पॅटर्न नाही.

स्क्रिप्ट आता तासातून एकदा चालते, फक्त गुणधर्म वाचते, आणि दोन डिस्कमधे थांबते. पार्श्वभूमीत डिस्कवर लक्ष ठेवणारा स्मार्टडी स्वतः डीफॉल्टला अर्ध्या तासाने एकदा बघतो, त्याला पुरतं तर आपल्याला एका मिनिटाची घाई कशाला होती देव जाणे. एनव्हीएमई एसएसडीला हा प्रकार असा नसतो, तिथे अॅडमिन कमांडची रांगच वेगळी असते, त्यामुळे ज्यांच्याकडे सगळं एनव्हीएमई आहे त्यांनी हे वाचून स्क्रिप्ट शोधत बसू नये.

पण एवढ्यावर संपलं नाही. टेकाड गेल्यावर त्याच्यामागचं दुसरं दिसायला लागलं. आठवड्यातून एक-दोनदा, पहाटे, कमिट चार-चार सेकंद लटकायचा. आधी हेही त्याच ढिगात धरलं जायचं. हे मात्र लवकर सापडलं, कारण यावेळी मी ग्राफ बघितलाच नाही. अडकलेल्या पोस्टग्रेस प्रोसेसचा कर्नल स्टॅक (ती कर्नलच्या कुठल्या फंक्शनमधे थांबलीये त्याची यादी) प्रॉकमधून दर अर्ध्या सेकंदाला उचलणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावली, सकाळी स्टॅकमधे जेबीडी२ च्या, म्हणजे ईएक्सटी४ चं जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) लिहिणाऱ्या भागाच्या, कमिटची वाट बघणारं फंक्शन स्पष्ट. म्हणजे एफसिंक (फाइल डिस्कवर पक्की करायची मागणी) आपल्या फाइलीसाठी नाही, जर्नलच्या चालू ट्रान्झॅक्शनसाठी थांबलेला. त्याच फाइलसिस्टिमवर पहाटे बॅकअपची मोठी फाइल लिहिली जायची. ईएक्सटी४ च्या ऑर्डर्ड मोडमधे ट्रान्झॅक्शन बंद व्हायच्या आधी तिच्याशी जोडलेला डेटा डिस्कवर जावा लागतो, आणि मशीनमधे ६४ जीबी मेमरी, डर्टी बॅकग्राउंड रेशो १० टक्के, म्हणजे सहाएक जीबी घाण (मेमरीत असलेला पण डिस्कवर अजून न लिहिलेला डेटा) साचेपर्यंत किंवा डर्टी पेज ३० सेकंद जुनं होईपर्यंत कर्नल निवांत, आणि मग एकदम लोंढा. छोट्या कमिटने त्या लोंढ्यामागे रांगेत उभं राहायचं. बॅकग्राउंडची मर्यादा रेशोऐवजी बाइटमधे दिली, २५६ एमबी, वरची मर्यादा १ जीबी, आणि बॅकअप दुसऱ्या फाइलसिस्टिमवर हलवला. यातल्या कशाने किती फरक पडला ते वेगळं मोजलं नाही कारण दोन्ही एकाच संध्याकाळी केलं, आणि कोणाला परत पहाटे उठायची हौस नव्हती.

काढून ठेवलेली ती पहिली डिस्क माझ्या ड्रॉवरमधेच होती, वर पेनने खराब असं लिहिलेलं. एक दिवस टेस्ट मशीनला लावली, फाइओ या चाचणीच्या टूलने ३२ खोलीचा (एकावेळी ३२ रिक्वेस्ट) रँडम राइटचा लोड दिला, आणि शेजारून स्मार्टसीटीएल एक्स लावून चालवलं. रांगेतला वेळ ४७० मिलिसेकंद. नव्या कोऱ्या डिस्कवर तेच केलं, ४९०. डिस्कवरचं खराब खोडून तारीख टाकली आणि स्पेअरच्या खोक्यात ठेवून दिली.